फर्डिनंडबाबांचा डावा पाय

३ नोव्हेंबर
आले बाई एकदाची वटारला! फुलपाड्याच्या खुराड्यापुढे हे म्हणजे महालच. अंगणात मोगरा, मागे केळी, मला स्वतंत्र खोली. घरची सूनबाई फ्लॉसी गोड बोलते. गोड बोलणाऱ्यांकडे काम जास्त पडतं हा माझा नर्सगिरीतला अनुभव, पण बघू.

काम तसं सोपं. तिचे सासरे फर्डिनंडबाबा यांना सांभाळायचं. साखरेनं दोन्ही पायांच्या नसा गेल्यात. गुडघ्याखाली चिमटा काढा, चटका द्या, त्यांना पत्ता नाही. म्हणून रोज तळवे नीट तपासायचे, चपला झटकायच्या, आंघोळीचं पाणी आधी माझ्या कोपराला लावून बघायचं. डॉक्टर म्हणाले, दुखणं हा शरीराचा राखणदार, तो यांच्याकडे उरला नाही. म्हटलं, मी आलेय की!

९ नोव्हेंबर
भाजी चिरताना डाव्या तळव्यातून अशी कळ गेली की जीव कासावीस झाला. पाय उलटा करून पाहिला तर काहीच नाही. तेवढ्यात बाबा वाडीतून आले, शीळ घालत. मागे ओटीवर रक्ताचे ठसे. डाव्या चपलेतून खिळा आरपार गेलेला. जखम धुतली, पट्टी बांधली. योगायोग म्हणायचा, दुसरं काय.

१४ नोव्हेंबर
योगायोग कसला डोंबलाचा! आज मोरीत कपडे धूत होते आणि माझा डावा पाय भाजायला लागला. धावत गेले तर बाबा चुलीशी पाय शेकत बसलेले. फोड त्यांना, आग मला. सांगायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच.

बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि रडायला लागले. म्हणाले, "इतकी वर्षं हा पाय मेलेला. आज त्याच्यासाठी कुणीतरी ओरडलं." मलाही भरून आलं. मूर्ख बाई मी.

१७ नोव्हेंबर
आता म्हाताऱ्याला खेळ मिळालाय. पायाला सुई टोचतो आणि घरात कुठून माझी किंकाळी येते ते ऐकतो. मग लहान मुलासारखा खूश. मला वाटलं, फ्लॉसीला सांगितलं तर ती तरी घाबरेल. तर ती म्हणाली, देवानंच पाठवलं तुम्हाला, आता डॅडींचं काही लपायचं नाही. लगेच परदेशात नवऱ्याला, मेलरॉयला, फोन करून आनंदाची बातमी दिली. मला किती दुखतं ते एकानंही विचारलं नाही. माणूस ठेवलंय की घंटा?

२० नोव्हेंबर
पळून आले फुलपाड्याला. काही उपयोग नाही. ठणका माझ्यासोबतच आला. जखम चिघळली असणार, तिथे कोण बघतंय आता. इथल्या नसांच्या डॉक्टरांनी मला तपासलं, म्हणाले पाय ठणठणीत आहे, मनाचे खेळ आहेत. गोळ्या दिल्या. गोळी माझ्या पोटात, जखम त्यांच्या पायात. कशी लागू पडणार —

२४ नोव्हेंबर
फ्लॉसीचा फोन. पाय काळा पडलाय. उद्या सकाळी घोट्याच्या वर कापणार. भूल देणार नाहीत. हृदयाला झेपणार नाही, आणि पायाला तसंही कळत नाही.

त्यांच्या डॉक्टरांच्या हातापाया पडले. म्हणाले, बाई, दुखतच नाही तिथे भूल कशाला? मग म्हटलं, मला द्या. इथल्या दवाखान्यात गेले, उद्या सकाळी मला बेशुद्ध करा म्हटलं. त्यांनी विचारलं, ऑपरेशन कसलं आहे? काय सांगू —

शेवटी बाबांनाच फोन लावला. भूल मागून घ्या म्हणून रडले. ते शांतपणे म्हणाले, "घाबरू नकोस गं. मला काही कळणार नाही."

२५ नोव्हेंबर
दार आतून लावलंय. लिहीत राहिले तर मन दुसरीकडे —

फ्लॉसीचा मेसेज. आत नेलं. डॅडी हसत गेले.

गार. नडगीवर काहीतरी गार. पुसतायत.

आवळलं. गुडघ्याखाली पट्टा —

थांबलेत. का थांबलेत? कुणीतरी त्यांना विचारत असेल, बाबा, काही कळतंय का? आणि ते म्हणत असतील, नाही हो, काहीच ना—