चार बोटं लाल

१० नोव्हेंबर, सोमवार

वही आणून महिना झाला. आज लिहू, उद्या लिहू— असंच चाललंय. लिहिण्यासारखं घडतंय तरी काय? निघतो कॉलेजला, पोचतो खासबागेच्या बाजारात.

१२ नोव्हेंबर

तेच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सरांनी वर्गाला संध्याकाळी कलासंग्रहालयात बोलावलंतं. वाटेत एका म्हाताऱ्याच्या सायकलची चेन बसवून दिली, मग भडंग खात उभा राहिलो. पोचलो तोवर सगळे पुढं गेलेले. मी मागनं एकटाच शिरलो. चित्रं बघितली. काही वाटलं न्हाय. हल्ली कशाचंच काही वाटत न्हाय.

शेवटच्या दालनात काचेमागं साडी. हिरवीगार, अन् मधेच चार बोटं रुंद लाल पट्टा.

आमची! वडगावात आमच्या घरच्या हातमागावरची.

दोन वर्षांमागं आक्का चिठ्ठी ठेवून गेली, हुबळीला जाऊन लग्न केलं. आईनं चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा आप्पा मागावर होते. उठले न्हाईत. माग थांबला न्हाय. विणतच राहिले— हिरव्याच्या जागी लाल. आई म्हणाली, चुकलंय, उकला. उकललं न्हाय. व्यापाऱ्यानं डागी माल म्हणून नेली. तेव्हापासनं घरात आक्काचं नाव कुणी घेत न्हाय. मी पण.

काचेखाली पाटी: विणकर अज्ञात. लाल पट्टा म्हणजे त्यानं बघितलेली पहाट, असं काहीबाही. वर्गातली सौम्या उतरून घेत होती. म्हणाली, किती खोल विचार केलाय न्हाय? मी म्हणालो, व्हय.

१६ नोव्हेंबर, रविवार

आई म्हणाली, आप्पांना सांगू नको. जेवताना सांगितलं. पहाटेचं पण सांगितलं.

आप्पांनी भाकरीचा तुकडा ताटातच ठेवला. मग म्हणाले, "चुकलं नव्हतं रं. लाल सुताची कांडी तिनं भरलेली. जायच्या आदल्या दिवशी काठासाठी भरून ठेवलेली. संपेस्तोवर विणली."

आम्ही दोन वर्षं चूक म्हणत होतो. आई उठून चुलीकडं गेली. मी आमटी वाढून घेतली. का घेतली, कुणास ठाऊक. भूक नव्हती.

१८ नोव्हेंबर

आप्पा इस्त्रीचा सदरा घालून सायकलवरनं गेले. दिवेलागणीला आले. बघितली का म्हणून विचारलं, तर म्हणाले, उजेड लई कमी ठेवलाय.

१९ नोव्हेंबर

काही न्हाय. कंग्राळीपर्यंत चालत गेलो, परत आलो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज खरंच कॉलेजला निघालतो. दार उघडलं, तर पायरीवर आक्का. हातात पिशवी. मी कळवलं नव्हतं. आईनंही न्हाय.

"आप्पांनी फोन केलता," म्हणाली.

आत माग थांबला.