डावा कौल

३ नोव्हेंबर, सकाळी
आजपासून धावणे. आजपासून पावाचे उंडे बंद. हॉकीची लीग पुढच्या महिन्यात. कारापूर इलेव्हनचा सेंटर फॉरवर्ड म्हणून माझ्यावर जबाबदारी आहे. वय सेहेचाळीस, पण ते आधारकार्डावर.
देवळापर्यंत धावलो. परतताना पाव विकणारा पोदेर भेटला. सायकल थांबवून त्याने टोपलीवरचं कापड बाजूला केलं. गरम उंड्यांना नाही म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. चार घेतले.
उद्यापासून.

५ नोव्हेंबर
सगुण परत आला आहे. मुंबईची बँक सोडून, कायमचा. आमच्या हॉकी क्लबचा सेक्रेटरी बाबली ही बातमी घेऊन घरी आला. चेहरा असा, जणू त्यालाच मुलगा झाला.
सगुण एकेकाळी गोव्याकडून खेळायचा. मग बँकेच्या टीमने त्याला नेलं. म्हापशाच्या फायनलमध्ये त्याने मारलेला गोल लोक अजून सांगतात. पास माझा होता हे कोणी सांगत नाही. क्लबात त्या गोलचा फोटो टांगलेला आहे. सगुण मधोमध, स्टिक आभाळाकडे. डाव्या कडेला एक कोपर. ते माझं.
बातमीने मला काहीच वाटलं नाही. रात्री जेवलो नाही, पण ते डाएट.

७ नोव्हेंबर
डिचोलीच्या बाजारात सगुण समोरून आला. केस सगळे पांढरे. बरं वाटलं. म्हणजे भेटून बरं वाटलं.
त्याने सगळ्यांसमोर मिठी मारली आणि म्हणाला, "रामा! ह्यां पोट खंय गावलां रे तुका?" मासळीवाल्या हसल्या. मी म्हणालो, यात स्टॅमिना साठवलेला आहे. त्या आणखी हसल्या.
त्याला पोट नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी पोट नसणं हे बरं लक्षण नव्हे. एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवायला हवं. पण आपण कशाला सांगायचं.
घरी भाग्यलक्ष्मीला सहज म्हणालो, सगुण फार थकलाय. ती म्हणाली, "आमी पोरी त्याचो पेपरातलो फोटो कापून ठेवी होतों." कोणता फोटो, विचारलं. म्हणाली, "तोच. तुमचां कोपर पण आसा त्यात."
वीस वर्षांचा संसार. हे आज कळलं.

१० नोव्हेंबर, मीटिंगनंतर
विषय एकच. सगुणला टीममध्ये घ्यावं की नाही.
आधी बाबली बोलला. बराच वेळ बोलला. मी माझे मुद्दे बोटांवर जुळवत होतो, त्यामुळे तपशील ऐकू आला नाही. त्याचा सूर मात्र लाचार वाटला.
मग मी. पहिला मुद्दा, वय. या वयात गुडघ्यांचा भरवसा नाही. दुसरा, नव्या पोरांना संधी कधी मिळणार? तिसरा, मोठं नाव आलं की टीम मोडते. सगळे त्या एकाच्या तोंडाकडे बघत बसतात. सगळं शांतपणे मांडलं. व्यक्तिगत काहीही आणलं नाही.
अध्यक्ष धाकूने विचारलं, "रामचंद्रा, तू कितक्या वर्सांचो?" मी त्याला विषयाला धरून बोलायची विनंती केली.
मतं समसमान. धाकू म्हणाला, "आता देवीकच इचारूया." यावर कोणी वाद घालत नाही. कारापुरात घर बांधायचं असो की सोयरीक जुळवायची असो, शेवटी देवीला कौल लावतात. भटजी ओल्या कळ्या मूर्तीला चिकटवतात. आधी उजवीकडची कळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही.
कळ्या मी आणतो म्हणालो. माझ्या परसात झाड आहे. सेवेची संधी.

१२ नोव्हेंबर
धावणं रद्द. अभ्यास.
न्हाणीघरातल्या टाइल्सवर ओल्या कळ्या चिकटवून पाहिल्या. टपोरी कळी लगेच सुटते. बारीक कळी चिकटून राहते, विशेषतः तिला देठ नसेल तर. हे निव्वळ निरीक्षण आहे. निसर्गाविषयी माणसाला कुतूहल असावं.
भाग्यलक्ष्मी दारात उभी राहिली. म्हणाली, "न्हाणीची पूजा केव्हापासून?" टाइल्स तपासतोय, म्हणालो. "मगे? घट्ट आसत?"
कळ्या गोळा करून दार लावून घेतलं.

१५ नोव्हेंबर, कौलाचा दिवस
आंघोळ करून कळ्या खुडल्या. केळीच्या पानाच्या दोन पुड्या केल्या. एकीत थोड्या टपोऱ्या आल्या, दुसरीत थोड्या बारीक. झाडावर जशा मिळाल्या तशा. टपोऱ्यांची पुडी भटजींच्या डाव्या हाताशी ठेवली, कारण तिथे जागा होती. देव माणसाचं मन बघतो, कळी बघत नाही. माझ्या मनात टीमचं भलं होतं.
सगळे हात जोडून उभे. भटजींनी गाऱ्हाणं घातलं: "माये, हीं तुजीं लेकरां. सगुणाक खेळांक घेवचो काय नाय, ता सांग..." पुढचं गाऱ्हाणं राहिलंच. डावी कळी पडली. दगडावर आवाज झाला.
भटजींनी ती उचलली. तळहातावर घेऊन वरखाली केली. माझ्याकडे पाहून म्हणाले, "झाडाक खत बरां घालतंस रे."
मी डोळे मिटून घेतले होते. देवळात मिटतातच.
देवीचा निर्णय. त्यापुढे आपण कोण?

१६ नोव्हेंबर
सगुणचं सांत्वन करायला गेलो. मन मोठं ठेवावं. सोबत अर्धा डझन केळी नेली.
तो वाईट वाटून बसलेला नव्हता. तो बूट पुसत होता. पेडण्याकडची, मांद्रे क्लबची पोरं सकाळीच येऊन गेली म्हणाला. या सीझनला तो मांद्र्याकडून खेळणार. केळी त्याने दोन तिथेच खाल्ली. मला म्हणाला, "तुमची देवी काय माज्यार रागावली काय रे?"
देवाच्या गोष्टी आपल्याला कळत नाहीत, म्हणालो.
परत येताना हलकं वाटलं. मांद्रे समुद्रकाठी, नुसती वाळू. तिथे गुडघा आठवडाभरही टिकत नाही. शिवाय आता सगळ्यांसमोर, मैदानावर, हिशेब होईल. सेंटर फॉरवर्ड विरुद्ध सेंटर फॉरवर्ड. उद्यापासून दोन वेळा धावणे.

२९ नोव्हेंबर
धावणं अजून सुरू नाही. टाच दुखते. मॅचसाठी ताकद राखून ठेवणं हाही सरावच.
पोदेर आता न थांबवताच थांबतो.

७ डिसेंबर, संध्याकाळी
म्हापशाला मॅच. कारापूर विरुद्ध मांद्रे.
सगुण पुढे नव्हताच. मी त्याला पुढच्या फळीत शोधत राहिलो. तो मागे उभा होता, फुल बॅक. धावत नव्हता. नुसता उभा. मी चेंडू घेऊन जायचो आणि चेंडू आपण होऊन त्याच्याकडे जायचा, घरी बोलावल्यासारखा. तो कमरेत थोडा वाकायचा, चेंडू काढून घ्यायचा आणि म्हणायचा, "देव बरें करूं." दर वेळी. आभार मानल्यासारखा.
सेकंड हाफच्या सुरुवातीला धाकूने मला बाहेर घेतलं. पाण्याची बाटली दिली. ती मला प्यायला आहे असं वाटलं. ती इतरांना द्यायची होती.
चार शून्य. आमचं शून्य.
मॅचनंतर सगुण शेजारी येऊन बसला. म्हणाला, "फुडें धावपाचो दम आता खंय रे? बाबलीक मी पयलींच सांगिल्लां. मी मागें रावतां, फुडें रामाच आसूं दी. चेंडू काढून दिलो की तो बरोबर घेतलो." मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "म्हापशाचो तो पास. असो पास मुंबयेंत कोणी दिलो नाय माका."
बावीस वर्षं हे वाक्य कोणीतरी म्हणावं असं वाटत होतं.
बसमध्ये बाबलीला विचारलं, हे तू मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "मीटिंगीत आनी किते सांगी होतंय मी? तू बोटां मोजी होतंस."

८ डिसेंबर
पेपरात फोटो आला आहे. सगुण वाकून चेंडू काढून घेतोय. ज्याच्याकडून काढून घेतोय तो माणूस कापला गेला आहे. फोटो नीट बघितला. कोपरही नाही.
भाग्यलक्ष्मीने कात्री मागितली. कुठे ठेवली आहे ते आठवत नाही, म्हणालो.

१३ डिसेंबर, मीटिंगनंतर
विषय: वय झालेल्या खेळाडूला टीममध्ये ठेवावं की नाही.
मी उठून स्पष्ट केलं की सगुण आता मांद्र्याचा आहे, त्यामुळे हा विषय आपल्या कक्षेत येत नाही. बाबली म्हणाला, "सगुणाचो नाय." मी बसलो.
कोणीतरी पहिला मुद्दा गुडघ्याचा मांडला. दुसरा, नव्या पोरांना संधी. मुद्दे चांगले होते. शब्द ओळखीचे वाटले.
मतं समसमान. धाकू म्हणाला, आयतारी देवीक कौल लावूया.
कळ्या मी आणतो, म्हणालो.
बाबली भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिला. मग धाकू म्हणाला, "नाका. कळ्यो भटजीच आणतले."