तुम्ही माणूस काढायला शिकलात ते दिवस

आबा, गेल्या आठवड्यात धुळ्याहून एक मुलगी घरी आली होती. चित्रकला शिकते. कुणाच्या तरी बैठकीत तुमचं एक चित्र तिने पाहिलं आणि विचारत विचारत जळगावला आमच्या दारापर्यंत पोहोचली. बसल्या बसल्या तिने मला विचारलं, तुमच्या वडिलांची शैली कोणती, गुरू कोण, प्रभाव कुणाचे? चहा टाकते म्हणून मी आत गेले आणि पाणी उकळून निम्मं झालं तरी गॅसपाशीच उभी राहिले. असलं काही तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही "कशाचं काय" म्हणून उठून गेला असतात.

मग जे आठवलं ते सांगितलं. वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तुम्ही खोक्यांना रंग मारायचात, दिवसभर एकच हिरवा. घरी यायचात तेव्हा तो नखांच्या कडेला असायचा, कधी कानामागेही, आणि रॉकेलच्या बोळ्याने पुसताना तुम्ही नाक दुसरीकडे करायचात. चहा झाला की क्वार्टरच्या पायरीवर पुठ्ठा मांडीवर घेऊन बसणं. सावद्याच्या केळीबागांत वाढलेला माणूस, त्यामुळे चित्रात केळीच केळी. पण हिरव्या रंगाची बाटली आपल्या घरात कधी आली नाही. पानं निळी, जांभळी, उन्हातली असतील तर विटकरी. पानाला जी बारीक पांढरी कड द्यायचात ती हायवेवरच्या ट्रकांवरून उचललेली. ढाब्यावर थांबलो की तुम्ही मागची पाटी वाचायचा नाहीत, अक्षरांची सावली बघत राहायचात. आणि वाऱ्याने फाटलेल्या पानाच्या चिंध्या वरून खाली एका दमात ओढणं आजीचं. दिवाळीआधी ती भिंतीवर चुन्याचे पट्टे बोटांनी असेच ओढायची. मुलगी भराभर लिहून घेत होती. तुम्ही झाडाकडे खूप वेळ बघून मग त्याच्याकडे पाठ करून चित्र काढायचात, हे ऐकून तिने पेन थांबवलं. "असं का?" मी लहानपणी हेच विचारलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, "समोर असलं का सगळंच काढावं वाटतं."

आईला यातलं काही पटायचं नाही. नरडाण्याकडची ती, तिची अहिराणी वरणगावात इतकी वर्षं राहूनही जशीच्या तशी. पुठ्ठ्यावरून नजर फिरवून म्हणायची, "हाई काय शे? बठ्ठी केळी निळी करी टाकी!" तुम्ही हसायचात. तेवढंच तुमचं बोलणं व्हायचं चित्रांवरून. खरं तर एकूणच तुमचं दोघांचं बोलणं तेवढंच असायचं.

मग तुम्ही निवृत्त झालात आणि त्याच पावसाळ्यात आई न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड. भुसावळला ऑपरेशन नीट झालं, डॉक्टर म्हणाले आता चालायला लागा. पण आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी दर रविवारी जळगावहून वरणगावला यायचे, शिरा करून आणायचे, तो तसाच राहायचा. "आते मन्हं सरनं," आता माझं संपलं, एवढंच म्हणायची. वॉकर कोपऱ्यात, त्यावर टॉवेल वाळत घातलेला. तुम्ही बाहेर ओट्यावर बसलेले. मला तुमचा रागच यायचा, की या माणसाला काही सुचत कसं नाही.

एका रविवारी मी येते तर तुम्ही आत, तिच्या खाटेजवळ स्टुलावर, मांडीवर पुठ्ठा. आणि सवयीप्रमाणे तिच्याकडे पाठ केलेली. आईचा आवाज कित्येक दिवसांनी चढलेला आहे. "मन्हं चित्र काढतस? मी मरी गऊ का?" तुम्ही पेन्सिल चालवतच होतात. "आनि पाठ करी काय बसनात? इकडे दखा!" तुम्ही स्टूल फिरवलंत. आबा, मी दारातच चप्पल हातात धरून उभी होते. तुम्ही तिच्याकडे इतका वेळ बघताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

ते पहिलं चित्र वाईटच झालं. तुम्हाला झाडं यायची, माणसं कुठे येत होती? आईने ते हातात घेतलं. "हाई म्हातारी कोन शे? मन्हं नाक इतलं मोठं शे?" दुसऱ्या रविवारी तिने केस विंचरून घेतले होते. पुढच्या खेपेला उशीला टेकून बसली, कारण आडवं काढलं की हनुवटी दिसत नाही, असं तिचं म्हणणं. नाक जमेपर्यंत तुम्ही पुठ्ठ्यामागून पुठ्ठे घालवलेत आणि नाक जमलं तशी ती म्हणाली, "पडेल नका काढू. उभी काढा."

"उभी ऱ्हायशीन तं उभी काढीन," तुम्ही म्हणालात.

वॉकरवरचा टॉवेल तिने स्वतः काढून खाली टाकला. मी धरायला पुढे झाले, तर तुम्ही हातानेच मला थांबवलंत. ती उभी राहिली, थरथरत, दात आवळून, आणि तुम्ही पेन्सिल चालवत होतात नि तुमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "रडू नका, नाक बिघडी," आई म्हणाली. लुगडं मात्र तिला हिरवंच हवं होतं. तुम्ही निळा आणि पिवळा कालवून एक हिरवा केलात, कोवळ्या कोंबासारखा. तसा रंग मी तुमच्या हातून परत कधी पाहिला नाही.

तुम्ही गेल्यावर आई माझ्याकडे आली, ते चित्र आता इथे तिच्या खाटेसमोर आहे. काठी घेऊन ती अजून दारापर्यंत जाते. मुलीने त्याचा फोटो काढला तेव्हा आई तिला म्हणाली, "त्यासले झाडंच येत. माणूस काढानं मी शिकाडं." मुलीने तेही लिहून घेतलं. गुरूच्या रकान्यात लिहिलं असेल तर बरोबरच आहे.

जाताना तिने विचारलं, त्यांनी स्वतःचं चित्र कधी काढलं नाही का? दिसायचे कसे? मी तोंड उघडलं आणि थांबले. आई आतून सांगत होती, भुवया दाट, डावा गाल खोलगट. मी मान डोलावली. हे लिहिलेलं आईला वाचून दाखवणार नाही, म्हणून इथेच सांगते. तुमचे हात मला आत्ताही रेघेरेघेसकट दिसतात. चेहरा मात्र, आबा, फोटो बघितल्याशिवाय आठवत नाही.