अंतराळस्थानक, बी-४०३, मीरा रोड

३० जानेवारी, शुक्रवार. सकाळी ६.००
मोहीम सुरू. आजपासून दहा दिवस मी बेडरूममध्ये बंद. गेल्या वर्षी बेंगळुरूला तिघांना असंच दहा दिवस बंद खोलीत ठेवून अंतराळासाठी मनाची परीक्षा घेतली होती. पुढच्या खेपेसाठी मी ईमेलने अर्ज केलाय. उत्तर नाही. म्हणजे विचार चालू असणार. वयाची अट मी मुद्दामच वाचलेली नाही. दहा दिवसांची ही रोजनिशी पुढे टाकली की कोण नाही म्हणतो ते बघतोच.

दुसरं कारण फक्त इथेच लिहितो. परवा रविवारी जेसल पार्कहून धर्मेशभाई बायकोमुलीसह बोलणी करायला येणार होते. त्यांची मुलगी भूमिका आणि आमचा मुलगा अथर्व, दोघांनी लग्न ठरवलंय. मुलगी चांगली आहे, माझी तिला हरकत नाही. मला विचारायच्या आधी सगळ्यांनी माझ्या बायकोला, उर्मिलाला विचारलं, त्याला आहे. आता मुलाचा बापच अंतराळात म्हटल्यावर बोलणी करणार कोणाशी? दहा दिवसांत घर ताळ्यावर येईल.

उर्मिलाला नियम सांगितले. ती ग्राउंड कंट्रोल. तीन वेळा दाराशी डबा, एरवी संपर्क बंद. तिने विचारलं, दहाच दिवस का? काळजी वाटली असेल बिचारीला.

सकाळी ९.१५
वर अंतराळ स्टेशनवर पाच-पाच मिनिटांची आखणी असते. मीही केली. व्यायाम दोन तास, प्रयोग तीन तास, साफसफाई, देखभाल. तिथे लघवी शुद्ध करून पुन्हा पितात. तेवढं सोडून सगळं करणार.

३१ जानेवारी, शनिवार
व्यायाम: अकरा मिनिटं. पलंगाला बांधलेलं रबर सुटून कानाखाली बसलं. उद्यापासून पूर्ण दोन तास.

प्रयोग: आपला माणूस स्टेशनवर गेला तेव्हा त्याने मेथी उगवली होती. मीही वाटीत मेथी भिजत घातली.

१ फेब्रुवारी, रविवार
कोणी आलं नाही! दिवसभर दाराला कान लावून होतो. (देखभाल.) जिंकलो. या घरात शेवटचा शब्द कोणाचा, ते धर्मेशभाईंना कळलं असेल.

व्यायाम राहिला.

३ फेब्रुवारी, मंगळवार
पाचवा दिवस. घर कोलमडल्याची खूण अजून नाही. रोज सकाळी मी वॉचमनशी भांडतो म्हणून तो वेळेवर पाणी सोडतो. आज न भांडताच आलं. योगायोग.

संध्याकाळी हॉलमध्ये हसणं-खिदळणं. मग उर्मिला गायला लागली. लग्नाआधी गायची असं ऐकून होतो. एकोणतीस वर्षांत माझ्या कानावर पडलं नव्हतं. आवाज बरा आहे. मी बाहेर असताना का गात नाही, असं विचारणार होतो, पण संपर्काची वेळ नव्हती.

मेथीला बुरशी आली. वाटीच खराब होती.

५ फेब्रुवारी, गुरुवार
उर्मिला दाराशी आली. कपाटातली पैठणी हवी, चांदीची कोयरी हवी, अथर्वचा रेशमी कुर्ता हवा. स्टेशनवरून खाली सामान पाठवतात, त्या नियमात बसवलं. दार वीतभर उघडून एकेक वस्तू दिली. कशाला, ते विचारलं नाही. कमांडरने बारीकसारीक गोष्टींत पडू नये. असेल कोणाकडे तरी बारसं. कुर्त्याला इस्त्री करून घे, एवढं मात्र आठवणीने सांगितलं. माझ्याशिवाय सुचलं असतं का कोणाला?

व्यायाम नाही. दिवसा चार तास झोप. तिथे चोवीस तासांत सोळा वेळा सूर्य उगवतो, झोपेची शिस्त कोणाला राहणार?

६ फेब्रुवारी, शुक्रवार
अथर्वला हाक मारली. दोनदा. आणीबाणीच्या संपर्काची चाचणी. तो म्हणाला, बाबा, नियम तुम्हीच केलेत ना, मग मोडू नका. बरोबर आहे. माझाच मुलगा. पण लागलं मनाला.

जानेवारीत स्टेशनवरच्या एका तुकडीला आजारपणामुळे मुदतीआधी परत आणलं. माझी पाठ धरली आहे. मलाही परत येता आलं असतं. कडीला हातही लावला. मग वाटलं, बाहेर गेलो आणि कोणी विचारलं, का आलात, तर? राहिलो.

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.३०
बारा वाजता मोहीम संपणार. बाहेर शिऱ्याचा वास, खुर्च्या सरकवल्याचे आवाज, बरीच माणसं. स्वागत ठेवलेलं दिसतंय! उर्मिला मनाची चांगली आहे. दाढी केली. निळा टी-शर्ट घातला. दोन मिनिटांचं भाषण लिहिलं. त्यात तिचेही आभार घातले.

११.४०
राहवेना. दार दोन बोटं उघडलं. सोफ्यावर धर्मेशभाई. भूमिका साडीत, कपाळाला कुंकू, ओटीत नारळ. शेजारी रेशमी कुर्त्यात अथर्व. इस्त्री चांगली झाली आहे.

पैठणी नेसलेली उर्मिला झटकन दाराशी आली. हळूच म्हणाली, आत जा. त्यांना सांगितलंय की तुम्ही बेंगळुरूला आहात, देशाच्या कामासाठी बंद खोलीत. तुम्ही आता बेडरूममधून निघालात तर अथर्वने तोंड कुठे लपवायचं? चारपर्यंत थांबा. शिरा देते.

मी आत आलो.

१२.०५
धर्मेशभाईंचा आवाज मोठा आहे. विचारत होते, भाभी, भाईसाब का आशीर्वाद तो है ना? उर्मिला म्हणाली, हां हां, वो तो जाने से पहलेही हां बोलके गये. मग टाळ्या झाल्या.

रडू आलं. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

१२.३०
‘मोहिमेला चार तासांची मुदतवाढ मंजूर केली,’ असं वर लिहिलं होतं. खोडलं. मला कोणी विचारलंच नव्हतं.