रंगाचं विचारलंत म्हणून

सौभाग्यवती वज्रचूडेमंडित विहीणबाई दुर्गाबाई यांस, मुक्काम अकोला. मैनाबाईचा पदर सावरून नमस्कार.

इकडं तुमचे व्याही, बैल, म्हैस आन् मी, समदे खुशाल आहोत (बैल जरा लंगडते, व्याही त्याच्याहून जास्त). तुमचा गुडघा कसा आहे? एरंडाचं पान तेल लावून, शेकून बांधा म्हणून मी मागच्या खेपेलेबी सांगितलं होतं. तुमी हो म्हटलं आन् बांधलं नाही, हे मले इथं बसून ठाऊक आहे. पत्र मीच लिहून राह्यली. बापानं धुळीत बोट धरून गिरवलेली अक्षरं, म्हणून ओळी वाकड्या गेल्या तं गोड मानून घ्या. आमचे जवाईबापू, म्हणजे तुमचा शालिकराम, म्हणतात की हळू बोलायचं ते इंग्रज लोक असं (कमानीत) लिहितात. तं पत्र वाचून दाखवणाऱ्या किसनरावांले सांगा, कमानीतलं तुमच्या कानाशी वाचावं, ओसरीवरच्या लोकांले नाही.

माझी माणिक बाळंत झाली हे कळल्यावर तुमी बंडीवाल्यासंगं एकच निरोप धाडला, पोरीचा रंग कसा आहे. (संगं टोपरं नाही, झबलं नाही. असो.) त्याचंच उत्तर द्याले बसली. पण रंग सांगायचा तं पोरगी जल्मली कशी ते सांगाले पायजे, आन् ते सांगायचं तं आधी कापसाचं सांगाले पायजे.

समुद्रापल्याड कोण्या मुलुखात भावाभावांत लढाई जुंपली आन् इकडं आमच्या पऱ्हाटीले सोन्याची बोंडं लागली. गावात कोणी जाग्यावर राह्यलं नाही. न्हावी वेचणीले गेला, तं समद्या गावाच्या दाढ्या वाढल्या. महादेवरावानं बैलाच्या शिंगांले चांदी चढवली (बायकोच्या हातात अजून काचच). आन् आमची सुईण पार्बताबाई, तीबी ओटी बांधून कोण्या दूरच्या वावरात. नेमकं तवाच माणिकच्या पोटात दुखाले लागलं. उमरावतीत माझी मावसबहीण सुईणपण करते, तिच्याकडं न्यावं तं गावात बंडी एकच उरलेली, आमची, तीबी रुईचे गठ्ठे भरून बाजाराले निघालेली. मी माणिकले गठ्ठ्यांवरच निजवलं. तुमचे व्याही म्हणाले, माल दबेल. मी म्हटलं, दबू द्या. (रस्ताभर ते मागं वळून पाहत होते ते मालाले का लेकीले, हे मी विचारलं नाही. पण बैल त्यांनी असे हाकले, जसे डोक्यावर पाण्याची भरली घागर आहे.)

बाजारात पोचलो तं बंड्याच बंड्या, ना पुढं जाता येते ना मागं. तिथंच वेळ भरली. बाजूले माळणी वांगी-मुळे घेऊन बसल्या होत्या. त्या उठल्या, लुगड्यांचे पदर धरून चारी बाजूनं आडोसा केला, एकीनं टोपली उलटी करून मले बसाले दिली, वांगी घरंगळत बैलाच्या तोंडी गेली तरी हूं का चूं नाही. आन् लेकरू झालं विहीणबाई, रुईत, जसं बोंडातून उमलावं. मी तीच रुई ओढून तिचं अंग पुसलं (तुमच्या व्याह्यांनी आडोशावरून आणखी एक मूठ दिली).

आता तिथं रुई घेणाऱ्या गोऱ्या साहेबाची रीत अशी, की तो वरचा माल पाहतच नाही. वरून पांढरीशुभ्र रुई आन् पोटात कचरा, असे लबाड लई झाले. म्हणून तो बाही सारून गठ्ठ्याच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालते, आतली रुई ओढते आन् अंगठ्यांत धरून ताणून पाहते. तसा त्यानं आडोशाखालून आमच्या गठ्ठ्यात हात घातला. मी दिला एक फटका त्या हातावर. पदर बाजूले सारून पाहते तं साहेब, आन् साहेबाच्या मागं कानावर बोरू खोचून त्याचा गुमास्ता, तुमचा शालिकराम. जवाईबापूनं मले पाह्यलं, मंग बायकोले, मंग लेकराले, आन् कानावरचा बोरू खाली पडला तो अजून सापडला नाही. साहेबानं टोपी काढली, लेकराकडं पाहून एकच शब्द बोलला, फेअर, आन् निघून गेला.

झालं, समदा बाजार त्या शब्दावर तुटून पडला. दलाल म्हणे, हा मालाचा भाव फुटला. मी जवाईबापूले विचारलं, तं ते म्हणाले, फेअर म्हणजे मधला माल, पहिल्या नंबरचा नाही न् टाकाऊबी नाही. आपल्या उमरावतीची रुई विलायतेत याच नावानं विकते. माझं डोकं फिरलं. माझी नात मधली? तवा ते गडबडून म्हणाले, न्यायाचं, बिनलबाडीचं, त्यालेबी फेअरच म्हणतात. बहिरमच्या जत्रेलेबी. उघाड पडली तं आभाळालेबी. आन् (हे त्यांनी मान खाली घालून सांगितलं) गोऱ्या रंगाच्या माणसालेबी. मी म्हटलं, बापू, कोर्ट, जत्रा, आभाळ न् कापूस एकाच शब्दात कोंबते, त्या लोकांले शब्द इतके महाग पडले का? एक माळीण म्हणाली, आजी, गर्दी पाहून जत्राच म्हटलं असंल त्यानं. तुमचे व्याही म्हणे, आभाळ पाहून. साहेबाच्या पोटातलं साहेबाले ठाऊक, तिथं हात घालून कोण पाहते? पण मले शब्द लई आवडला. आता घरात वरणबी फेअर, म्हैसबी फेअर (व्याही मधल्या मालाच्या अर्थानं).

तुमचा निरोप आला त्या दिवशी जवाईबापू इथंच होते. लेकरू माझ्या मांडीवर, बारशाआधी त्याले पाळण्यात घालत नाहीत, आन् हे तिकडं बसून रिकामाच पाळणा हलवत होते. निरोप ऐकला आन् पाळणा थांबला. मंग मले म्हणाले, "मामी, माय येईल न?"

"न याले काय झालं," मी म्हटलं.

असो. कागद सरत आला, रंगाचं राह्यलंच. लहानथोरांले आशीर्वाद, गुडघ्याले एरंड.

तुमची विहीण,
मैनाबाई

ताजा कलम. बारसं मी बाराव्या दिवशी केलं नाही. गावात सांगितलं, गहू निवडायचे आहेत. खरं तं नाव कानात सांगाले आत्या लागते, म्हणून तुमच्या जमुनेले घेऊन या, आन् लेकराले पाळण्याखालून घ्याले बापाची माय लागते. हे पत्र आणणारी बंडी तुमाले घ्यालेच धाडली आहे, तीच. गठ्ठे उतरवले, पण थोडी रुई अंथरलेली ठेवली, तुमच्या गुडघ्याले. तवर पोरीले नाव नाही. मी फेअर म्हणून हाक मारते तं डोळे उघडते. लवकर या, नाहीतर तेच नाव बसेल.

आणखी एक. (लग्नाच्या पंगतीत तुमाले मी पहिल्यांदा पाह्यलं. तुमी वाकून वाढत होत्या. मी मनात म्हटलं, ओल्या वावरासारखी काळी बाई आहे, हिच्या घरी माझी माणिक उपाशी राहणार नाही. पोरीचा रंग तोच आहे, विहीणबाई, नखाइतका फरक नाही.) हे कमानीतलं किसनरावांनी मोठ्यानं वाचलं तरी चालते.