नेऱ्याचे शनिवार

६ जानेवारी २०२५, सोमवार

कंपनीत आज खुणांच्या भाषेचा वर्ग सुरू झाला. जेवणाच्या सुट्टीत, कॅन्टीनमागच्या खोलीत. ट्रेनिंग डिपार्टमेंटचा माणूस म्हणून मी फक्त खुर्च्या मांडायला गेलो होतो. बसूनच राहिलो!

शिकवते विनिता. आमच्याकडे औषधांची पाकिटं भरतात, त्या पॅकिंग लाइनवर काम करते. जन्मापासून बहिरी. आत आली आणि फळ्यावर लिहिलं — ‘इथे तोंड बंद, हात उघडे.’ कोणीतरी खुसखुसलं. मग हळूहळू सगळे गप्प. पंख्याचा आवाज तेवढा राहिला. थोड्या वेळाने तोही ऐकू येईना.

बाहेरच्या भिंतीवर कंपनीने पोस्टर लावलंय, त्यात तिच्यासारख्यांना ‘विशेष सक्षम’ म्हटलंय. मी बोट दाखवून विचारलं — हे बरोबर का? तिने लिहिलं — ‘बहिरी म्हणा. शब्द छोटा आहे, पटकन होतो.’

घरी आरशासमोर हात हलवत उभा होतो. आई दारातून — “आरं, हवेत काय ढवलतोस? कोनी नाय तिथं.”

११ जानेवारी, शनिवार

आता दर शनिवारी कंपनीची बस नेरे गावाला जाणार. तिथे बहिऱ्या मुलांची निवासी शाळा आहे. आम्ही स्वयंसेवक. गळ्यात कंपनीचे पट्टे, हातात बिस्किटांचे पुडे.

सकाळचं धुकं अजून शेतात बसलेलं. डोंगर अर्धेच उमटलेले. शाळेच्या मैदानात मुलं — आणि काय गलका! पण आवाज फक्त पायांचा. सगळं मैदान बोलतंय, आणि मी काठावर, भाषा न येणाऱ्या परदेशातल्या माणसासारखा. असं छान वाटलं. का, ते सांगता येत नाही.

गोदू नावाची मुलगी आहे, बारावीतली, शाळेत सगळ्यात मोठी. तिने मला मुळाक्षरं शिकवली. माझं बोट चुकलं की स्वतः वाकवून नीट करायची. न हसता.

बसमध्ये परतताना सगळे फोटो पाठवत होते. मी खिडकीबाहेर बघत होतो. विजेच्या तारांवरचे पक्षीसुद्धा काहीतरी अक्षरं वाटत होते.

२ मार्च, रविवार

पहाटे स्वप्न पडलं. त्यात सगळे हातांनी बोलत होते. बाबाही. जिवंत होते तेव्हा इतकं कधी बोलले नाहीत!

१९ एप्रिल, शनिवार

आज मला नाव मिळालं!

बहिऱ्या लोकांत खुणेचं नाव आपलं आपण घ्यायचं नसतं. त्यांनी द्यावं लागतं. माझं नाव निनाद, म्हणजे आवाज, हे मी विनिताला समजावून सांगितलं, तेव्हा ती पोट धरून हसली. तिच्या हसण्याला आवाज असतो, हे मला आजवर माहीत नव्हतं. मग शाळेच्या पायरीवर तिची आणि गोदूची बराच वेळ चर्चा. मी समोर उभा, निकालाची वाट बघत.

ठरलं. एक बोट कपाळापाशी, तिथून धुरासारखं वळत वर. म्हणजे — जो उभ्या उभ्या कुठेतरी निघून जातो तो.

आईला करून दाखवलं. “बरोब्बर हाय,” म्हणाली. “तुजा बापूस तसाच व्हता.”

१० जुलै, गुरुवार

विनिताशी आता अडत नाही. चहाच्या वेळी बोलत बसतो. आज तिने तिची लहानपणची भीती सांगितली — अंधाराची नाही, पाठीची. पाठीमागे काय चाललंय ते तिला कळत नाही. म्हणून ती कायम भिंतीला टेकून बसते. सहा महिने रोज बघतोय, आणि मला वाटायचं तिला ती खुर्ची आवडते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार



आज आगीची तालीम होती. सायरन झाला, सगळे रांगेत बाहेर आलो. मैदानात ऊन छान होतं. कोणी सेल्फी काढत होतं. प्लँटचे प्रमुख कल्पेश सर माइकवर — “शाब्बास, सगळे वेळेत बाहेर!” टाळ्या. मीही वाजवल्या.

तेवढ्यात दारातून विनिता आली. हातात रिकाम्या खोक्यांची चवड. आत गोदामात दाराकडे पाठ करून काम करत होती. वळली, तर अख्खा हॉल रिकामा. मशिनं बंद. कुणाचा चहा अर्धा. कुणाची चप्पल तशीच.

खोकी खाली टाकली आणि तिने माझ्याकडे बघून हात हलवले. बाकीचे बहिरे कामगार दुसऱ्या पाळीचे, वर्गातले बाकीचे केव्हाच गळालेले; मैदानातल्या एवढ्या माणसांत ते फक्त मला कळलं. ती म्हणाली — “मला वाटलं जग संपलं, आणि मला कुणी कळवलं नाही.”

१६ ऑक्टोबर, गुरुवार

कल्पेश सरांनी उपाय काढला. सगळ्या बहिऱ्या कामगारांना गेटजवळच्या एका खोलीत बसवायचं. वेगळी लाइन. त्यांच्यासाठी एक माणूस नेमायचा, तो हात धरून बाहेर काढेल. “त्यांच्याच भल्यासाठी, निनाद. उद्या खरंच आग लागली तर मी काय तोंड दाखवू?”

माणूस वाईट नाही. खरंच घाबरलाय. म्हणूनच त्याच्याशी भांडता येईना.

विनिताला सांगितलं. तिने एकच खूण केली — गुरं कोंडतात ती. कोंडवाडा.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मीटिंग झाली. सगळं नीट लिहून ठेवतो.

विनिताला स्वतः बोलायचं होतं. बाहेरून दुभाष्या येणार होता, त्याचा सकाळी निरोप आला, जमत नाही. कल्पेश सर म्हणाले, “पुढे ढकलू.” विनिताने माझ्याकडे बोट केलं.  चहाच्या टेबलावर बोलणं वेगळं, हे वेगळं.

तिच्यासमोर उभा राहिलो. ती हातांनी बोलली — तुम्ही आम्हाला मेंढरांसारखं एका खोलीत घालताय. मी म्हणालो, “विनिता मॅडमना वाटतं की वेगळी खोली तितकीशी सोयीची नाही.”

तिने हात थांबवले. माझे ओठ वाचत होती! टेबलावर थाप मारली. सगळे दचकले. मग सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं मला म्हणाली — “सोय नको म्हणू. मी मेंढरं म्हणाले. मी ‘मी’ म्हणाले. माझं माझ्यासारखं सांग, नाहीतर बाजूला हो.”

खोलीत कुणाला काही कळलं नाही. मी बाजूला होऊ शकलो असतो.

पुन्हा सुरुवात केली. “तुम्ही आम्हाला मेंढरांसारखं कोंडताय. मी नऊ वर्षं लाइनवर आहे. मी शिकवलेल्या मुली आज सुपरवायझर झाल्या, कारण त्यांना ऐकू येतं. त्या दिवशी मी एकटी राहिले ती बहिरी म्हणून नाही. तुम्ही आवाजाचा सायरन लावलात, उजेडाचा लावला नाहीत म्हणून. आणि शेजारच्या बाईने माझ्या खांद्याला हात लावला नाही म्हणून. मी रागावले आहे. मला भीती वाटली होती.”

‘मी रागावले आहे’ — माझ्या तोंडून! कुणी हसलं नाही. तिचे हात चालले होते, आणि कुठूनतरी माझा आवाज येत होता. पाण्याखालून यावा तसा. मध्ये एकदा तर मी तिथे नव्हतोच. फक्त तिचे हात होते, आणि खिडकीतलं ऊन.

कल्पेश सरांनी वही पुढे ओढली. मग माझ्याकडे नाही, थेट तिच्याकडे बघून म्हणाले, “दिवे कुठे कुठे लावायचे?”

खोली रद्द!

५ नोव्हेंबर, बुधवार

माझी नजर दिवसभर लोकांच्या हातांवर. काय सुंदर असतात हात. भाजीवालीचे, रिक्षावाल्याचे. आईचेसुद्धा, कोलंबी सोलताना.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. नवीन विभाग काढतायत — बहिरे, आंधळे, व्हीलचेअरवरचे, सगळ्यांची भरती, शिक्षण, शाळेचा उपक्रम, सगळं एका हाताखाली. प्रमुख हवाय. “तुझ्याशिवाय आहे कोण?”

शेजारची केबिन मला मिळणार, तिची खिडकी पूर्वेला आहे. डोंगर दिसतात. बाहेर पडलो ते तरंगतच. नव्या खुर्चीत बसलेला मी मला दिसत होतो. शनिवारी तर मी आता मुलांना नाटक शिकवीन, कंदील करून घेईन...

आईला सांगितलं. तिने देवापुढे साखर ठेवली. मग विचारलं, “त्या पोरीला काय मिललं?”

२० नोव्हेंबर, गुरुवार

नाही म्हणालो. विनिताचं नाव सांगितलं.

सर म्हणाले, “अरे, पण फोन कोण उचलणार?”

“फोन मी उचलेन. तिच्या हाताखाली.”

“येडा आहेस का?”

 पण केबिनमधून बाहेर पडेपर्यंत सरांनी तिची फाइल मागवली होती. आता घरी बसून थोडं रडू येतंय. खिडकी खरंच छान होती.

१ डिसेंबर, सोमवार

विनिताचा खुर्चीतला पहिला दिवस. पहिला हुकूम — नेऱ्याचे शनिवार बंद.

मला वाटलं खूण चुकीची वाचली. पुन्हा विचारलं. ती म्हणाली, “मी त्याच शाळेत वाढले. आम्हालाही पाहुणे यायचे. दर आठवड्याला नवी माणसं, त्यांना तीच मुळाक्षरं, तेच फोटो. कालच मुलांना विचारलं. त्यांना शनिवारी झोपायचं असतं.” तिथे जाण्याऐवजी आता बारावी झालेल्यांनी इकडे यायचं. काम शिकायला, पगारावर.

पहिली गोदू आली आहे. गळ्यात कंपनीचा पट्टा. कागदांवर सह्या केल्या आणि मला पहिलाच प्रश्न विचारला —

“शनिवारी सुट्टी असते ना?”