न पोचलेली रिंग

मी, फुलाबाई सर्जेराव रणपिसे, वय अडुसष्ट, धंदा चहा-भज्यांचे हॉटेल, राहणार पानशेत, तालुका वेल्हे (आता राजगड म्हणतात, कागदाला चालेल तसे वाचावे), हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता लिहून ठेवते. मी शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी रागात आहे, हे दाखल्यात लिहीत नाहीत म्हणून इथे लिहिते.

१. माझी मिळकत म्हणजे राहते घर, त्याला लागून असलेले हॉटेल आणि धरणाच्या पाण्यापलीकडची जमीन. तिन्ही माझ्या कमाईची आहेत, वडिलार्जित नाहीत, तेव्हा कोणी हिस्सा सांगायला येऊ नये. जमीन घेतली तेव्हा माझे पती कालकथित सर्जेराव यांनीच तलाठ्याला सांगितले होते, "तिच्याच नावावं चढवा. तळून तळून तिचं हात पोळल्यात." सातबाऱ्यावर आजही माझेच नाव आहे.

२. जमीन कोणाला द्यायची ते सांगण्याआधी काय घडले ते लिहिते. वकीलसाहेब म्हणाले, "आजी, मृत्युपत्रात एवढं लिहायची गरज नसते." गरज मला आहे.

हे दिवसभर पलीकडे शेतावर असायचे आणि मी हॉटेलात. दोघांकडे साधे बटणांचे फोन. माझे हात सदा पिठात नाहीतर तेलात, फोन उचलणार कसा? म्हणून आमचे ठरलेले होते. काही दुखले-खुपले, माणूस लागले, तर त्यांनी दोनदा रिंग देऊन कट करायची आणि मी नावाडी सोनबाच्या होडीने निघायचे. रिंग आली नाही म्हणजे सगळे ठीक. आमचा म्हातारपणाचा संसार असाच चालला होता. फोन गप्प असला की मी निर्धास्त असायची.

मग कंपनीने आमच्या भागातले जुने नेटवर्क बंद करून नवे सुरू केले. आमचे फोन त्या नव्यावर चालणारे नव्हते. इंग्रजीत मेसेज आले होते. ते मी मुलाला, अभिषेकला दाखवले, तर म्हणाला, "जाहिराती असत्यात आई, पुसून टाक." मी पुसून टाकले. त्यानंतर फोनचा दिवा लागत होता, घड्याळ चालू होते आणि तो वाजत नव्हता. म्हणजे आमच्या ठरल्याप्रमाणे सगळे ठीक होते.

एका रविवारी हे बांधावरून पडले आणि मांडीचे हाड मोडले. ह्यांना कमी ऐकू यायचे, त्यामुळे बटण दाबले की रिंग गेली असेच ते धरायचे. ते पलीकडे बटण दाबत राहिले आणि मी इकडे पुण्याच्या पाहुण्यांना कांदाभजी तळून घालत होते, वर त्यांच्याशी हसत-बोलत होते. संध्याकाळी सोनबा गवताला गेला म्हणून हे सापडले.

दवाखान्यात मला म्हणाले, "दोनदा वाजवलं. परत वाजवलं. तू आली न्हाईस."

"अवो, न्हाई वाजला. तुमच्या गळ्याची आन."

त्यांनी तोंड भिंतीकडे केले. नेटवर्क बंद झाल्याचे मला तेव्हा माहीत नव्हते, नाहीतर सांगितले असते. अभिषेक खाटेच्या पायथ्याशी उभा होता. तो एक शब्द बोलला नाही. दोन दिवसांनी हे गेले. मी रिंग ऐकूनही आले नाही, असे मनात धरून गेले.

३. अभिषेक माझा एकुलता मुलगा. कापूरहोळला त्याचे मोबाईलचे दुकान आहे, तेही माझ्या कमाईतून घालून दिलेले. ह्यांच्या मागे केलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी माझी सून माधुरी सहज बोलून गेली, "आत्या, जुनं फोन बंद हुणार म्हून दुकानात कवाची पाटी लावलीया. तुमास्नी आमच्या ह्यांनी सांगितलं न्हाई व्हय?"

मी त्याला तिथेच विचारले. मान खाली घालून म्हणाला, "जमिनीला गिऱ्हाईक आलं हुतं. वाटलं, फोन बंद पडला की बाबा कटाळून शेत सोडत्याल."

साऱ्या पंचक्रोशीला सावध करून नवे फोन विकले आणि आईबापाला अंधारात ठेवले. कंपनीचाही मला राग येतो, पण कंपनी माझ्या पोटची नव्हे. अभिषेकचा वाटा त्याला दुकानाच्या रूपाने पोचलेला आहे. यापुढे त्याला माझ्या मिळकतीतून काही नाही.

४. घर, हॉटेल आणि पलीकडची जमीन माझ्या पश्चात सून माधुरी हिने एकटीने मालकीहक्काने घ्यावी. ती खरे बोलली, आणि बोलताना त्यातून आपल्याला काही मिळेल हे तिच्या मनातही नव्हते. जमीन बंगलेवाल्यांना विकू नये. वकीलसाहेब म्हणतात, अशी अट कायद्यात टिकत नाही. मग अट म्हणून नको, सासूचा शब्द म्हणून पाळ, माधुरी.

ह्यांचा कोयता, घोंगडी आणि बॅटरी सोनबाला द्यावी. त्याने मागितलेली नाही.

५. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने साधा करावा. अभिषेकला यायला मी मनाई करत नाही. रडावे न रडावे ही त्याची मर्जी. पण मला उचलण्याआधी त्याने बापाच्या फोटोसमोर उभे राहून, चार माणसांत, ह्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणावे, "बाबा, आईला रिंग पोचलीच न्हाई. मला ठावं हुतं." एवढे म्हटले तर खांदा द्यावा. नाहीतर त्याने मला हात लावू नये.

हा मजकूर मी स्वतः वाचला, एक शब्दही कमी करू दिला नाही, आणि खालील दोघांच्या समोर सही केली. त्यांनीही माझ्या समोर सह्या केल्या.

(सही) फुलाबाई सर्जेराव रणपिसे

साक्षीदार:
(सही) शाकिर अल्लाउद्दीन आतार, राहणार पानशेत
(सही) शेफाली सावळाराम कांबळे, राहणार वरवे बुद्रुक

ठिकाण: पानशेत
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५